डाव्या हाताचं वळण

“वैनी, उजव्या वळणाला तुम्ही एक बाई असताय आणि डाव्या वळणाला दुसरीच,” इरफान म्हणाला.

मी हेल्मेट काढून पेट्रोलच्या टाकीवर ठेवलं आणि जाकिटाच्या बाहीनं तोंड पुसलं. मे महिना होता. ऊन नुकतंच वर आलं होतं, तरी डांबराचा वास नाकात बसायला लागला होता.

“दोघींतली बरी कोण?” मी विचारलं.

“उजवीकडची. नजर पुढं, कोपरं सैल, गाडी कशी पाण्यावानी वळती. डावीकडची बाई मात्र वळण आलं रे आलं की ताठ. जशी काय गाडीवरनं उतरायलाच निघालीया.”

“मला तर तसं काही जाणवत नाही.”

“तेच अवघड हाय,” तो म्हणाला. “जाणवलं असतं तर तुम्हीच बंद केलं असतं की.”

इरफान मुजावर आम्हाला शिकवायचा. तरुणपणी त्यानं मोटरसायकलच्या शर्यती केल्या होत्या. कोल्हापूरच्या बाहेर एका माळावर लहान पोरांच्या गो-कार्टसाठी केलेला नागमोडी ट्रॅक होता. महिन्यातल्या एका रविवारी तो ट्रॅक भाड्यानं घेऊन इरफान आमच्यासारख्या साध्या माणसांना वळणं घ्यायला शिकवायचा. याला तो ट्रॅक डे म्हणायचा. येणारी बहुतेक पोरं पंचविशीतली. मी चव्वेचाळीसची, गावात शिवणाचा क्लास चालवणारी, नवऱ्याचं जाकीट बाह्या दुमडून घातलेली. पहिल्या खेपेला पोरांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू त्यांची आईच त्यांच्या मागावर येऊन थांबलीय. दोन खेपांनंतर ती मला काकी म्हणायला लागली आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी हक्कानं संपवायला लागली.

शिकायला मला फार जड गेलं नाही. वळणात चाकाकडं बघायचं नाही, वळण जिथं संपतंय तिथं बघायचं, हे इरफाननं सांगितल्याबरोबर मला पटलं. ब्लाऊजच्या गळ्याची गोलाई शिवताना सुईकडं बघणाऱ्या मुलीची शिलाई हमखास वाकडी जाते. मी क्लासमध्ये तेच ओरडून सांगत आले होते. सुरुवातीला ब्रेक उशिरा दाबायचे, मग वळणाच्या आत दाबायचे, मग हळूहळू वळणाच्या आधीच वेग उतरवायला शिकले. उजवी वळणं तर मला आवडायला लागली. अडलं ते डाव्या वळणांशी, आणि त्या ट्रॅकला डावी वळणंच जास्त होती.

ट्रॅकच्या कडेला पत्र्याची शेड होती. तिथं प्लास्टिकच्या खुर्चीवर, काठी गुडघ्यांमध्ये धरून, माझे यजमान बसलेले असत. नाव आदगोंडा मगदूम. शेजारचे उपाध्ये मास्तर त्यांना आपल्या चारचाकीतून घेऊन यायचे. मी मोटरसायकल शिकतेय याबद्दल ते बरं म्हणाले नव्हते की वाईट म्हणाले नव्हते. घरी बसून फोनची वाट बघण्यापेक्षा इथं बसून बघितलेलं बरं, एवढाच त्यांचा हिशेब होता. मी शेडसमोरून गेले की ते मान हलवायचे, आणि डावं वळण आलं की काठीची मूठ आवळायचे. हे मला मास्तरांनी सांगितलं.

एके काळी या माणसाला गाडीवरून उतरवणं अवघड होतं. त्यांची विम्याची एजन्सी होती. हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यातलं एकही गाव त्यांच्या चाकाखालून सुटलं नव्हतं. आठवडाभर फिरून पुन्हा रविवारी मला मागं बसवून कुठंतरी न्यायचेच, लग्न झाल्यापासून. मी साडीत, एका बाजूला, दोन्ही पाय डावीकडं सोडून. त्यांच्या मागं मी मांडीवर दुधाचं पातेलं घेऊन बसले आहे आणि थेंब सांडलेला नाही. फक्त डावं वळण आलं, गाडी माझ्या पायांच्या बाजूला कलली आणि रस्ता वर आल्यासारखा दिसला, की मी म्हणायची, “अहो, पाय टेकतील.” ते म्हणायचे, “न्हाई टेकत.” वीस वर्षं आमचं गाडीवरचं मुख्य संभाषण एवढंच.

मग आम्ही पडलो. गगनबावड्याच्या पुढं घाटात, दिवसाउजेडी, वेग काही नसताना. डाव्या हाताचं वळण होतं, त्यांनी असंख्य वेळा घेतलेलं. गाडी वळली ती वळतच गेली, आतल्या कडेला खडी होती तिच्यावर चढली आणि सपशेल आडवी झाली. माझं कोपर खरचटलं. त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, रॉड घातला, आणि डॉक्टरांनी सांगितलं, चालाल, जिने चढाल, पण टांग टाकून गाडीवर बसणं आता विसरा.

ते दुःख मोठं होतंच. पण त्यांना खाऊन टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारायचे, “गाडी पडलीच कशी?” लोक म्हणायचे, खडीवरनं घसरली. “खडी कडेला होती. मी कडेला गेलोच कसा?” लोक चहा संपवून उठायचे. थोड्या दिवसांनी त्यांनी विचारायचं सोडलं. मग बोलायचं सोडलं. मग घराबाहेर पडायचं सोडलं. पुतण्या एकदा म्हणाला, “काका, एका बाजूला बसा, बाजारात फिरवून आणतो.” त्यावर म्हणाले, “बायकांसारखं?” आणि पोरगा गेल्यावर मला हळूच म्हणाले, “ज्याला आपली गाडी का पडली ते कळंना, त्यानं गाडीच्या वाटंला जाऊ नये. तुला मारलंच असतं मी.”

असं दोन वर्षं चाललं. दिवसभर व्हरांड्यात बसून रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ओळखणारा नवरा मला बघवेना. म्हणून मी त्यांच्या गाडीवरचं कापड काढलं. ते चालवत नाहीत तर मी चालवीन आणि त्यांना मागं बसवून पुन्हा बाहेर नेईन, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यांना मी हे सांगितलं नव्हतं. नाही म्हणाले असते तर मला पुढं काही करता आलं नसतं.

इरफानला मात्र सांगितलं होतं, कारण त्याच्या ट्रॅकवर एक रीत होती. दिवस संपला की ज्याच्या घरचं कुणी आलं असेल त्यानं त्या माणसाला मागं बसवून ट्रॅकला एक संथ चक्कर मारायची. कुणाची आई, कुणाची बायको, एकदा तर कुणाचे सासरे बसले होते. या चकरेला सगळे घरची फेरी म्हणत. पण त्याआधी इरफान स्वतः चालवणाऱ्याच्या मागं गाडी लावून सगळी वळणं बघायचा आणि त्याचं समाधान झालं तरच फेरी. तीन वेळा त्यानं मला नाही म्हटलं होतं. या रविवारनंतर ट्रॅक पावसाळाभर बंद राहणार होता, आणि पुढच्या खेपेला आपला माणूस शेडपर्यंत तरी येईल का याची मला खात्री नव्हती.

त्या सकाळी इरफाननं सगळं करून बघितलं. वळणाच्या शेवटी लाल डबा ठेवला आणि त्याच्याकडं बघायला सांगितलं. खांदा आधी टाका म्हणाला. तोंडानं गाणं म्हणा म्हणाला, तेही म्हटलं. उजवीकडं सगळं झकास, डावीकडं ताठ.

“तुमचा अपघात डाव्या वळणाला झालाय. भीती बसली असंल,” तो म्हणाला.

“भीती असती तर मला कळली असती. मला भीती वाटतच नाही.”

“मग मलाबी कळंना,” तो म्हणाला. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माझ्या पाठीचा.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही शेडमध्ये बसलो. इरफाननं हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातली चित्रफीत फोनवर घेतली होती. माझ्या मागं गाडी चालवताना त्यानं माझी पाठ टिपली होती. त्यानं फोन माझ्यापुढं धरला. मी काही म्हणायच्या आत यजमानांनी हात पुढं केला.

“बघू.”

इरफाननं फोन त्यांच्या हातात दिला. ट्रॅकवर आल्यापासून त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. भाकरीचा घास हातात तसाच होता. एकदा बघून झाल्यावर म्हणाले, “परत लावा.”

इरफाननं परत लावली.

“हे उजवं?”

“व्हय दादा.”

“आणि हे डावं. थांबवा इथं.” त्यांनी फोन जवळ घेतला, लांब केला. मला हसू यायला लागलं. वीस वर्षं मी त्यांची पाठ बघत आले होते, शर्टाची वीण न् वीण मला पाठ होती. त्यांनी गाडीवरची माझी पाठ कधीच बघितली नव्हती. ती त्यांच्या मागं असायची.

“त्रिशला,” ते म्हणाले, “त्या दिवशी तू काय घातलेलंस?”

आमच्या घरात त्या दिवशी म्हटलं की एकच दिवस. पण तो शब्द त्यांनी बऱ्याच काळानं उच्चारला होता.

“पंजाबी ड्रेस. लेकीनं पुण्याहून पाठवलेला.”

“आणि बसलेलीस कशी?”

“दोन्हीकडं पाय टाकून. पहिल्यांदाच. तुम्हीच म्हणालात की, आता जरा गाडीवर बसल्यासारखी वाटतीस.”

त्यांनी घास ताटलीत ठेवला. काठी खुर्चीला टेकवली. मग इरफानकडं न बघता, माझ्याकडंही न बघता, हातानंच हवेत गाडी धरल्यासारखं करून ते बोलायला लागले.

“एका बाजूला बसली की हिचे पाय डावीकडं. डावं वळण आलं की रस्ता पायाजवळ यायचा. ही घाबरून उजवीकडं ताठ व्हायची. गाडी वळायची न्हाई, बाहेर जायची. म्हणून मी डाव्या वळणाला गाडी जरा जास्त झुकवायचो. सुरुवातीला मुद्दाम. पुढं हाताला सवयच झाली. ही मागं असली की हात आपोआप तेवढं जास्त झुकवायचा. मला कळायचंबी न्हाई.”

“मला कधी बोलला नाहीत ते,” मी म्हणाले.

“काय बोलायचं? तू मागं बसायचीस, मी झुकवायचो.” त्यांचे हात अजून हवेतच होते. “त्या दिवशी तू दोन्हीकडं पाय टाकून बसलीस. वळण आलं. तू ताठ झालीच न्हाईस. माझ्याबरोबर कललीस, बरोबर कलतात तशी. आणि मी माझ्या सवयीनं जास्तीचं झुकवलं. गाडी आत गेली.”

इरफाननं हळूच मान डोलावली. “जाणारच की दादा. दोघांचं मिळून जास्त झालं.”

“म्हणजे,” मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला, “वीस वर्षांत एकदा नीट बसले म्हणून पडलो आपण?”

“तसंच म्हणायचं.”

त्यांनी तोंडावर हात धरला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. मी उठून जवळ गेले तर हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होते. दोन वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. पलीकडं जेवणारी पोरं वळून बघायला लागली.

“मग चूक कुणाची?” मी विचारलं.

“कुणाचीच न्हाई गं.” त्यांनी दोन्ही पंजे उघडून बघितले. “मला वाटलेलं, हात गेला माझा. हात कुठं गेलेला? हात बरोबरच होता. तुझ्या हिशेबानं बरोबर होता.”

मला एकदम भरून आलं. जेवायला बसलेल्या एवढ्या पोरांसमोर रडणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी डबा झाकायला घेतला. त्यात चटणी अजून होती. एका पोराला ती हवी होती हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, पण बिचाऱ्यानं मागितली नाही.

जेवण झाल्यावर मी हेल्मेट घालत होते तेव्हा ते काठी टेकत माझ्यापाशी आले.

“तू अजून माझ्या मागंच बसलीयस,” ते म्हणाले. “एका बाजूला, पाय डावीकडं सोडून. एकदा सरळ बसलीस तर पडलो, म्हणून अंग परत जुन्या सवयीवर गेलंय. चित्रात सरळ दिसतंय. आता तू पुढं हाईस. पाय दोन्हीकडं हाईत. डावं वळण आलं की उजव्या पायाला इचार, बाबा कुठं हाईस. तो सांगंल.”

“पाय सांगंल?”

“इचारून तर बघ.”

मी ट्रॅकवर गेले. पहिलं डावं वळण आलं तेव्हा विचारायचंच विसरले आणि नेहमीसारखी ताठ झाले. पण या वेळी ते मला कळलं. कंबरेपासून वर सगळं अंग उजवीकडं मागं सरतंय, डाव्या पायाची बोटं बुटात आखडताहेत, साडीचा काठ सावरावा तशी. इतके महिने मी हे करत होते आणि मला पत्ता नव्हता. पुढच्या वळणाला मी उजव्या पायाला विचारलं. तो फुटरेस्टवर होता, गाडीच्या त्या अंगाला, जिथं माझा पाय आयुष्यात फार थोडा वेळ होता. मी त्याच्यावर भार दिला. डावी बाजू आपसूक सैल झाली, खांदा खाली आला आणि गाडी वळली. मी वळवली नाही, ती वळली. त्यानंतरचं वळण पुन्हा बिघडलं, त्याच्या पुढचं जमलं. दुपारभर मी पायाशी बोलत फिरत राहिले. कुणी ऐकलं असतं तर मला घरी पाठवलं असतं.

ऊन कलल्यावर इरफान माझ्या मागं गाडी घेऊन आला. एक पूर्ण चक्कर, मग दुसरी. शेडपाशी थांबल्यावर त्यानं हेल्मेटची काच वर केली.

“आता एकच बाई हाय,” तो म्हणाला. “फेरी घ्या.”

पोरांच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. एक मुलगा आईला घेऊन गेला, तिनं अख्ख्या चकरेत डोळे मिटून घेतले होते. मी गाडी शेडसमोर लावली आणि बसून राहिले. कसं विचारावं ते मला सुचेना. इतके महिने मनात घोकलेलं वाक्य तोंडात येईना. आता कारण कळलं होतं, हात बरोबर होता हेही कळलं होतं, पण एका बाजूला बसणं राहिलंच होतं. बायकांसारखं. तेही या सगळ्या पोरांच्या देखत.

ते खुर्चीवरून उठले. काठी इरफानच्या हातात दिली.

“हेल्मेट हाय का कुणाचं जादा?”

एका पोरानं आपलं काढून दिलं. ते त्यांना घट्ट बसलं, गाल वर आले. ते गाडीच्या डाव्या बाजूला आले आणि क्षणभर सीटकडं बघत उभे राहिले. वर्षानुवर्षं मी ज्या बाजूनं बसले त्या बाजूनं त्यांनी स्वतःची गाडी कधी बघितली नसावी.

“धरायचं कुठं?” त्यांनी विचारलं.

“उजवा हात माझ्या खांद्यावर. डाव्या हातानं मागचं कडं.”

“दादा, हळूच टेका म्हणजे झालं,” इरफान म्हणाला आणि त्यांच्या कोपराला हात लावला. ते टाचेवर वळले, पाठ टेकवली आणि बसले. दोन्ही पाय डावीकडं. गाडी खाली दबली. त्यांचं वजन मला नवीन होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात ते माझ्या पाठीवर कधी आलं नव्हतं.

कुणी हसलं नाही. उपाध्ये मास्तरांनी फोन काढून विचारलं, “फोटो घेऊ का आदगोंडा?”

“घ्या. एवढं बसलोय तर घ्या.”

मी निघाले. पहिलं उजवं वळण होतं, ते सहज गेलं. सरळ पट्टीवर वारा लागला आणि मागून एक लांब श्वास ऐकू आला. खांद्यावरचा हात मोकळा होता, बोटांनी नुसता टेकलेला. मला इतकं बरं वाटत होतं, की ही पट्टी सरळ गगनबावड्यापर्यंत जावी.

मग डावं वळण आलं. मी वेग उतरवला, वळणाच्या शेवटाकडं बघितलं आणि गाडी झुकवली. खांद्यावरची बोटं एकदम आवळली. मागं त्यांचं सगळं अंग ताठ झालं आणि उजवीकडं ओढलं गेलं. गाडी वळेना, बाहेर जायला लागली.

“अगं, पाय टेकतील,” हेल्मेटमधून आवाज आला.

“न्हाई टेकत,” मी म्हणाले, आणि गाडी जरा जास्त झुकवली.